अण्णांची उजवी बाजू

६ फेब्रुवारी

चि. सौ. धाकटीस,

अ. उ. आ. आशीर्वाद उत्तमच आहेत, देणारीचं मन आज तितकंसं उत्तम नाही, तेव्हा जरा सांभाळून वाच.

तुझं पत्र पोचलं. चार पानांपैकी तीन पानं तुझ्या ठकीची. ठकीला तीन वर्षं पुरी होत नाहीत तोच ती अण्णांसारखी मान तिरकी करून, डावा डोळा पुढे काढून बघते. कारखान्यात फळी उचलून तिची धार बघते, तीही अण्णांसारखी डोळा न मिटता. अण्णांनी गिऱ्हाइकाचं कपाट अर्धवट सोडून तिच्यापुरतं चिमुकलं स्टूल केलं आणि येणाऱ्याजाणाऱ्याला सांगत सुटलेत की ही पोर माझ्यावर गेली. वाचून खूप आनंद झाला असं लिहिणार होते. पण छापखान्यात दिवसभर दुसऱ्यांच्या चुका शोधून खोटं लिहायचं वळण राहिलं नाही. मला हेवा वाटला. रात्रीचं जेवण गेलं नाही इतका वाटला.

तूच सांग, जगातले सगळे सुतार एक डोळा मिटून फळीची धार बघतात. आपले अण्णा एकटेच दोन्ही डोळे उघडे ठेवून बघतात आणि फळी कुठे वाकली ते बिनचूक सांगतात. परगावचे कारागीर मुद्दाम ते बघायला यायचे. आता ते ठकीत उतरलं. आमच्या बापूला सहा वर्षांत आजोबांकडून काय मिळालं? एक भोवरा, आणि तोही दुकानातून आणलेला!

हे आजचं नाही, तुला ठाऊक आहे. जेवायला बसताना मोठी लेक म्हणजे माझा उजवा हात, असं म्हणून अण्णा मला उजवीकडे बसवायचे आणि तुला डावीकडे. मग अख्खं जेवण तुझ्याकडे बघून. हसायचे तुझ्याकडे बघून, शाळेचं विचारायचे तुला. मी पाण्याचा पेला मुद्दाम आपटून ठेवायचे, तेव्हा कुठे मान वळायची. उजवा हात म्हणवून घेण्यात काय मोठेपणा असतो तो मी तेव्हाच ओळखून चुकले.

तर मीही हार मानलेली नाही. सुट्टीत तिकडे यायच्या आत बापूला धार बघायला शिकवून तयार करणार आहे. म्हटलं आधी बाकीच्या सुतारांसारखं एक डोळा मिटून शीक. लाकडी पट्टी हातात दिली. उजवा डोळा मिटला की गडी झकास सांगतो. डावा मिटायला सांगितला की भोकाड पसरतो, पट्टी फेकतो, आणि वर मलाच सांगतो की पट्टी पुसून दे. लख्ख पट्टी! नाटकीपणा वडिलांकडून आलाय, आमच्याकडचा नाही. पण मी सोडणार नाही.

अण्णांना नमस्कार सांग, डावीकडून सांग म्हणजे ऐकतील. तुझ्यावर लोभ आहेच, फक्त आज तो जरा मागच्या खोलीत बसलाय.

तुझी,
ताई

---

२१ फेब्रुवारी

ती. ताईस,

सा. न. वि. वि. नमस्कार वाकून करते आहे, म्हणजे माझं हसू तुला दिसणार नाही.

काय गं तुझं ते पत्र! मी अण्णांना वाचून दाखवणार होते, पण पेला आपटण्यापाशी आले आणि मलाच कसंतरी झालं. तुला वाटतं सगळं मला मिळालं. मला काय मिळालं ते सांगू? अण्णांची पॉलिशची भांडी, अण्णांचा खोकला, आणि अण्णांचं गिऱ्हाईक दारात येऊन कपाट कधी मिळणार म्हणून विचारतं तेव्हा पुढे होऊन हसायचं काम. तू शिकलीस, शहाण्या माणसांची पुस्तकं छापायला जायच्या आधी वाचतेस. माझ्या हाताला वर्षाचे बारा महिने स्पिरिटचा वास. हेवा करायचाच तर माझीही पाळी कधीतरी येऊ दे.

ठकीचं मात्र मी मिरवणार. ते माझं एकटीचं आहे. परवा एक जुने कारागीर आले होते, त्यांच्यासमोर मी तिला मुद्दाम फळी धरायला लावली. ते थक्क झाले. अण्णांची छाती अशी फुगली की सदऱ्याची गुंडी तुटेल की काय असं वाटलं.

बापूला म्हणावं, मावशी पट्टी पुसून देईल, तू ये. अण्णा म्हणतात सुट्टीत दोन्ही नातवंडांची परीक्षा घेऊ. घाबरू नकोस, मी वशिला लावीन.

इथं किरकोळ गडबड चालू आहे. आज सकाळी रंध्याखालचा भुसा ठकीच्या डाव्या डोळ्यात गेला. डॉक्टरांनी मलम घालून पट्टी बांधली, उद्या सोडणार आहेत. तेव्हापासून महाराणी रुसून एका जागी बसली आहे. उचलून खाली ठेवलं की तिथंच उभी राहते, पाऊल टाकत नाही. तुझ्या बापूची बहीण शोभते खरी.

लोभ मागच्या खोलीतून पुढे आण, त्याला चहा देते.

तुझी,
धाकटी

---

१० मार्च

ती. ताईस,

सा. न. वि. वि. आज गंमत सुचत नाही.

ठकी रुसली नव्हती. त्याच संध्याकाळी अण्णांनी तिच्यासमोर तिची लाडकी लाकडी बाहुली धरली. ती हात पुढे करून हवेत चाचपत राहिली. बाहुली तिच्या नाकासमोर होती. अण्णांच्या हातातून ती खाली पडली, तेव्हा आवाजाच्या दिशेनं ठकी वळली. डाव्या डोळ्यावर पट्टी होती आणि उजव्या डोळ्यानं तिला काही दिसत नव्हतं. तो कधीपासून बघत नाही, कोण जाणे.

आम्ही मोठ्या दवाखान्यात गेलो. लहान मुलांच्या डोळ्यांच्या डॉक्टरीणबाई आहेत. त्यांनी ठकीला भूल देऊन, शिरेतून रंग सोडून डोळ्याच्या आतले फोटो काढले. मला कागदावर गोल काढून समजावलं. डोळ्याच्या मागे पडदा असतो, त्याच्या कडेपर्यंत रक्तवाहिन्या पोचायला हव्यात. हिच्या पोचल्याच नाहीत. मग त्या कडेला कच्च्या वाहिन्या फुटतात, त्या पाझरतात आणि पडद्याला ओढत राहतात. उजव्या डोळ्याचा पडदा ओढून ओढून सुटला आहे. त्याचं ऑपरेशन करणार, पण आशा फार धरू नका म्हणाल्या. डाव्याची कड लेझरनं भाजून घेतली, म्हणजे तो तरी राहील. मान तिरकी करून बघणं हे चांगल्या डोळ्याला पुढे आणणं होतं. मी तेच लोकांना दाखवत होते.

आता नीट वाच. हे घराण्यातून येतं. माझ्याही कडा तशाच निघाल्या, पण एकाला काही त्रास होत नाही आणि दुसऱ्याचा डोळा जातो. बाई म्हणाल्या, घरातल्या सगळ्यांना तपासा, मुलांना आधी. मला बापूची पट्टी आठवली. डावा डोळा मिटला की रडतो, पुसून दे म्हणतो, असं तू लिहिलं होतंस आणि मी हसले होते. ताई, त्याला या आठवड्यात दाखव. सुट्टीची वाट बघू नकोस. तूही दाखव.

मनात काही न धरता एवढं कर.

तुझी,
धाकटी

---

१७ मार्च

चि. सौ. धाकटीस,

अ. उ. आ. ठकीसाठी जीव तुटतो. तिला माझे मुके दे. हे पहिलं लिहिते, कारण पुढचं वाचून तू हे विसरशील.

बापूला काही झालेलं नाही. तो शाळेत मागच्या बाकावरून फळा वाचतो. परवा शाळेत सगळ्या मुलांचे डोळे तपासले, फळ्यावरची बारीक अक्षरं ह्यानं धडाधड वाचली. घरी माझ्या कागदांवरची मुंगीएवढी टीपही वाचतो. मी दिवसभर बारीक अक्षर बघणारी बाई, माझ्या पोराचा डोळा अधू असता तर मला कळलं नसतं?

तुझं दुःख मोठं आहे, म्हणून इतके दिवस मी गप्प बसले. पण पत्र वाचल्यापासून मला सारखं एकच वाटतंय, दुखण्यातसुद्धा तुला जोडीदार हवा. ठकी अण्णांवर गेली तेव्हा ते तुझं एकटीचं होतं, तूच तसं लिहिलंस. तेव्हा बापू आठवला नाही. आता त्या वारशातून आजार निघाला, तर लगेच ते घराण्याचं झालं आणि माझ्या मुलालाही वाटा मिळाला.

आणि अण्णा दवाखान्यात ठकीच्या उशाशी बसून असतात असं कळलं. बापूचा हात मोडला तेव्हा त्यांना कारखाना सोडवला नव्हता. हे आत्ता लिहू नये हे मला कळतं. तरी लिहिते, कारण आता आणखी गिळवत नाही.

ती लाकडी पट्टी मी कपाटाच्या वर टाकून दिली आहे. पुन्हा काढणार नाही.

लोभाचं आज काही लिहीत नाही.

ताई

---

२६ मार्च

चि. सौ. थोरलीस,

आशीर्वाद. मला पत्र लिहायची सवय नाही. अक्षर लावून वाच.

तुझं पत्र धाकटीनं दाखवलं नाही. ती ते हातात धरून बसली होती, मी काढून घेतलं. तुझ्यावर रागावलो नाही. बापूच्या हाताच्या वेळी यायला हवं होतं, ते तुझं बरोबर आहे.

मलाही तपासलं. म्हातारपणाचा मोतीबिंदू सांगतील म्हणून गेलो. बाईंनी माझा डावा डोळा झाकला आणि किती बोटं म्हणून विचारलं. मी विचारलं, कुणाची बोटं? समोर उजेड आहे एवढंच कळत होतं. त्या म्हणाल्या हा डोळा तुम्ही कळते व्हायच्या आधीच गेला असणार. सत्तर वर्षं मला पत्ता नाही. मला वाटायचं सगळ्यांना एवढंच दिसतं.

फळीची धार बघताना लोक एक डोळा मिटतात. माझा मिटलेलाच होता. त्यात कसब काही नव्हतं. ठकीला बघून मी खूश होत होतो, ते कशावर खूश होत होतो हे आता कळलं. त्या स्टुलाकडे बघवत नाही.

बाईंनी विचारलं, उजवीकडच्या वस्तूंना धडकता का. मी नाही म्हटलं. धाकटी मध्येच म्हणाली की उजवीकडे ठेवलेला चहा अण्णा नेहमी सांडतात, म्हणून पोरं सगळं डावीकडे ठेवतात. मला वाटत होतं ती कारखान्याची शिस्त आहे.

आता माझं ऐक. शाळेत दोन्ही डोळे उघडे ठेवून वाचायला लावलं असेल. त्यात चांगला डोळा दोघांचं काम करतो. तू बापूचा डावा डोळा तळव्यानं झाक. बोटांतून बघू देऊ नकोस. समोर त्याला माहीत नसलेलं काहीतरी धर. मग डॉक्टरकडे जा. मला लिहीत बसू नकोस, आधी जा.

जावईबापूंना नमस्कार.

अण्णा

---

१५ एप्रिल

चि. सौ. धाकटीस,

अ. उ. आ. पत्राला उशीर झाला, कारण अण्णांनी आधी जा म्हणून लिहिलं होतं.

अण्णांचं पत्र आलं त्याच दुपारी मी छापखान्यातून लवकर निघाले. बापूला खिडकीपाशी बसवलं आणि त्याचा डावा डोळा तळव्यानं झाकला. समोर धरायला नवीन काही सुचेना, म्हणून मी गाल फुगवून, डोळे फिरवून माकडाचं तोंड केलं. त्या तोंडाला तो कधी हसला नाही असं झालेलं नाही. तो माझ्याकडे तोंड करून शांत बसून राहिला. थोड्या वेळानं त्यानं विचारलं, आई, तू कधी सुरू करणार?

त्यापुढचं दवाखान्यातलं तू ठकीच्या वेळी सगळं पाहिलंयस. भूल देण्याआधी त्यानं माझा पदर धरला होता, तो नर्सनं बोट बोट सोडवून माझ्या हातात दिला. उजव्या डोळ्याचा पडदा एका बाजूला ओढला गेलाय, पण सुटलेला नाही. डाव्याचीही कड वाहिन्यांवाचून कोरी आहे. दोन्हीकडे लेझर केलं. डॉक्टर म्हणाले अजून काही महिने गेले असते तर उजवा हाती लागला नसता. आता रोज शाळेतून आल्यावर डाव्या डोळ्यावर पट्टी लावायची, म्हणजे उजवा आळस सोडून थोडंफार बघायला शिकेल. पूर्ण सुधारणार नाही, आणि तपासण्या जन्मभर. पट्टीवरून रोज घरात महायुद्ध होतं, तो मला दुष्ट म्हणतो आणि मी त्याला अंगठ्याएवढी अक्षरं काढून देते. काल त्यानं एक ओळ वाचली.

माझ्याही डोळ्यांत थेंब घातले होते. तुला आहे तसंच मलाही आहे. कडा कोऱ्या, बाकी सुखरूप, दरवर्षी दाखवायचं. अण्णांचं मला काहीच आलं नाही म्हणून मी जन्मभर कुढले, आणि ते माझ्या दोन्ही डोळ्यांत निवांत बसलं होतं.

अण्णांच्या पत्रातलं ते चहाचं वाक्य मी किती वेळा वाचलं असेल! मी उजवीकडे बसायचे गं. त्यांना मी दिसतच नव्हते. पेला आपटला की आवाजाकडे वळायचे, जशी ठकी वळली. मी त्याला माया कमी म्हणत आले.

मागच्या पत्रात जे लिहिलं ते मी परत घेत नाही, कारण लिहिलेलं परत येत नाही. पण तू ते पत्र सोसून माझ्यावर उलटली नाहीस, हे मी विसरणार नाही. ठकीचं ऑपरेशन झालं का? लगेच कळव.

लोभ पुढच्या खोलीत आणून बसवला आहे. तुझी वाट बघतो.

तुझी,
ताई

---

२ मे

ती. ताईस,

सा. न. वि. वि.

ऑपरेशन झालं, दोन वेळा झालं. आत पडद्याची घडी पडून ती चिकटून बसली होती. बाईंनी हातचं काही राखलं नाही. काल पट्टी काढून बॅटरी दाखवली. उजेड आहे की नाही एवढं तिला कळतं, अण्णांना कळतं तेवढंच. बाई म्हणाल्या यापुढे एवढंच. डावा डोळा छान आहे, त्याला जपायचं. चष्मा दिला आहे, नंबर नाही, नुसता काही लागू नये म्हणून. कारखान्यात यायची तिला बंदी. ती दाराशी उभी राहून फळी मागते.

बापूनं ओळ वाचल्याचं तुझं पत्र मी दवाखान्यात वाचलं. मला बरं वाटायला हवं होतं. ताई, मला तुझा हेवा वाटला. मी तुला म्हटलं होतं माझीही पाळी येऊ दे, तेव्हा मला ठाऊक नव्हतं की हे असं असतं. हिरवं लाकूड जळावं तसं, धूरच धूर. तुझ्या मुलाचा डोळा राहिला आणि माझ्या मुलीचा गेला. दोघांना एकच आजार, एकाच आजोबांकडून आलेला.

आणि त्याहून वाईट म्हणजे का, ते मला कळतं. तू जळफळलीस, म्हणून बापूच्या हातात पट्टी दिलीस, म्हणून त्याचा डोळा मिटवून पाहिलास. मी समाधानी होते. मी ठकीला स्टुलावर उभी करून माणसांना दाखवत होते. तिचा पडदा ओढला जात होता आणि मी टाळ्या घेत होते. तुझ्या हेव्यानं तुझं पोर वाचवलं. माझ्या मिरवण्यानं माझं घालवलं.

मला तुझ्याशी गोड बोलता येणार नाही, निदान काही दिवस. सुट्टीत येऊ नका असं म्हणवत नाही आणि या म्हणायलाही तोंड उघडत नाही. बापूला पट्टी लावलेलं बघितलं तर मी काय बोलेन याचा माझा मलाच भरवसा नाही.

लोभ कुठे आहे ते शोधावं लागेल. सापडला की कळवते.

धाकटी

---

११ मे

चि. सौ. धाकटीस,

अ. उ. आ. या वेळी मनापासून, एकही कोपरा न राखता.

तुझं पत्र बापूच्या वडिलांनी वाचलं आणि म्हणाले की तिला समजाव, असं मनात आणू नये म्हणून सांग. मी त्यांना म्हटलं, या खात्यातलं तुम्हाला काही कळत नाही. मी तुला समजावणार नाही. हेवा कर. पोटभर कर. मी तीस वर्षं केला, आणि तोही कशाचा, तर न दिसणाऱ्या डोळ्याचा. माझा हेवा खोटा निघाला. तुझा खरा आहे, त्याला जागा द्यायला हवी. गोड बोलू नकोस. भांडी आपट. मी मोठी आहे, आवाज झाला की वळेन.

मिरवण्याचं मात्र मी ऐकून घेणार नाही. ठकीचा पडदा आईच्या कौतुकानं सुटला नाही. ती जन्मली तेव्हाच तिच्या कडा कोऱ्या होत्या, माझ्या होत्या तशा, तुझ्या होत्या तशा. मीही बापूला वाचवायला पट्टी दिली नव्हती, तुला हरवायला दिली होती. आणि ते रडणं कशाचं हे मला कळलं नाही, तुला कळलं. तू दहा मार्चला ते लिहिलं नसतंस तर मी अजून त्याला नाटकीच म्हणत असते आणि त्याचा डोळा गेला असता. तुझं पोर भुलीखाली असताना तुला माझं आठवलं. मला ते जमलं नसतं. याचाही हेवा वाटतो, पण तो माझ्याकडे राहू दे.

आम्ही रविवारी सकाळच्या गाडीनं निघतो आहोत. ये म्हणू नकोस, नको म्हणू नकोस, फक्त दार उघड. बापूला शिकवून ठेवलंय, ठकीशी बोलायचं ते डावीकडून, आणि उजवीकडून जायचं असेल तर आधी हाक मारून. त्याची पट्टीची वेळ असेल तेव्हा तो मागच्या खोलीत बसेल, तुला बघावी लागणार नाही. वाटलंच तर तू बघायला जा.

जेवायला बसताना अण्णांची डावी बाजू तुझी आणि ठकीची. ती मला नको. मी माझ्या जुन्या जागी, उजवीकडेच बसणार आहे. पेला आपटणार नाही. त्यांच्या दंडाला हात लावून सांगेन, अण्णा, मी इथे आहे.

लोभ शोधत बसू नकोस. रविवारी तो माझ्याबरोबर येतोय, त्याला खिडकीची जागा दिली आहे.

तुझी,
ताई